हातात ल्यूट आहे, पण माणूस कोण?

नमस्कार श्रोतेहो.

युरोपातली सोळाव्या-सतराव्या शतकातली चित्रं पाहताना ल्यूट हे वाद्य सारखं भेटतं. फुगीर पाठ, मागे वळलेला खुंट्यांचा भाग, जोडीजोडीने लावलेल्या तारा. ते कुणाच्या हातात दिसलं की आपण लगेच म्हणतो, हा त्या काळचा कुणीतरी नामांकित वादक असणार. इथेच फसगत होते. खानदानी घरांत ल्यूट शिकायची रीतच होती, आणि प्रेमाची खूण म्हणून चित्रकार ती कुणाच्याही हाती द्यायचे.

इटालियन चित्रकार काराव्हाज्योचं सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातलं चित्र घ्या. समोरच्या वहीतली स्वरलिपी इतकी स्वच्छ रंगवली आहे की ती वाचून आर्काडेल्ट या संगीतकाराची गाणी ओळखता आली. वाजवणारा तरुण मात्र कोण? कुणी चित्रकाराचा मित्र मारिओ मिन्नीती म्हणतं, कुणी पेद्रो मोन्तोया हा गायक. गाणं सापडलं, गाणारा नाही!

लंडनच्या नॅशनल गॅलरीत डच चित्रकार थॉमस दे केयझरने 1627 साली काढलेलं एक चित्र आहे. त्यात टेबलावर ल्यूटच्याच कुळातलं लांब मानेचं वाद्य ठेवलंय. बसलेले गृहस्थ मात्र पेशाने वादक नव्हेत. ते कॉन्स्टँटाइन हायगेन्स, ऑरेंजच्या राजपुत्राचे चिटणीस आणि शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सचे वडील. ल्यूट ते मनापासून वाजवत, पण ती हौस.

म्हणून मला डच चित्रकार यान लीव्हन्सचं एक कोरीव चित्र फार मोलाचं वाटतं. 1630च्या दशकात तो लंडनमध्ये असतानाचं ते काम. चित्रातला माणूस ल्यूट घेऊन बसलाय आणि खाली लॅटिनमध्ये चक्क नाव कोरलंय: झाक गोतिए, इंग्लंडच्या राजाचा वादक. लीव्हन्स पुढे सांगतो की मी स्वतः रंगवलेल्या चित्रावरून हे तांब्याच्या पत्र्यावर उतरवलं, मैत्रीची आठवण म्हणून. म्हणजे याच्या आधी एक रंगीत चित्र होतं, हे खुद्द चित्रकारच सांगतोय. याच गोतिएने पुढे हायगेन्सना इटलीतल्या बोलोन्याची जुनी ल्यूट मिळवून देण्यासाठी पत्रव्यवहार केला.

तेव्हा संग्रहालयात अशा चित्रापाशी थांबलात, तर आधी नावाचा पुरावा काय आहे ते विचारा. चेहरा आणि वाद्य त्यानंतर.