कॉलरमागचं लेबल

या शर्टाची कॉलर उलटून बघा. आत एक छोटंसं लेबल आहे. आपल्याला ते क्षणभर टोचतं, मग आपण विसरूनही जातो, कारण तीच ती संवेदना मेंदू हळूहळू बाजूला सारतो. अनेक ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलांना हे विसरणं इतकं सोपं जात नाही. सकाळी सातला टोचलेलं लेबल अकरालाही टोचतच असतं. त्यात पंखा घरघरतो, बाकं सरकतात, येताजाता कुणाचा धक्का लागतो. मग बाई म्हणतात, "वही काढा," आणि मूल किंचाळत वही भिरकावतं.

एवढ्याशा वहीवरून? नाही हो. वही फक्त निमित्त.

बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अशा ११ ऑटिस्टिक मुलांविषयी लिहिलं, तेव्हाच मोठ्या आवाजांची त्यांना वाटणारी धास्ती नोंदवली होती. पण अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानाच्या निकषांत संवेदनांना जागा मिळायला २०१३ साल उजाडलं. मधल्या सत्तर वर्षांत किती मुलं नुसती 'हट्टी' म्हणून मार खात राहिली असतील!

हट्ट करणारं मूल मधूनच आपल्याकडे बघतं, हवं ते मिळालं की बहुधा शांत होतं. मेल्टडाउनमध्ये, म्हणजे हा सगळा भार असह्य होऊन मूल कोलमडतं तेव्हा, त्याचा स्वतःवर ताबाच उरलेला नसतो. तेव्हा समजावणं, दटावणं, 'माझ्याकडे बघ' म्हणणं, हा सगळा त्याच्यावर आणखी भारच. दिवा मालवा. गर्दी हटवा. लागेल एवढं लक्ष ठेवून, न बोलता जवळ बसा.

काही मुलांचं उलट असतं. ती गरगर फिरतात, सोफ्यावर धाडकन अंग टाकतात, गादीखाली शिरतात. स्नायू-सांध्यांवर दाब पडला की आपलं शरीर कुठे आहे हे त्यांना नीट उमगतं. मिक्सरच्या आवाजाने कान झाकणारं मूल स्वतः तासभर डबा बडवतं, तेही यातलंच. तो आवाज कधी सुरू होणार आणि कधी थांबणार, हे त्याच्या हातात असतं. हात फडफडवणं हासुद्धा बऱ्याचदा स्वतःला सावरण्याचाच मार्ग. कुणाला इजा होत नसेल, तर कृपा करून ते थांबवू नका.

वही भिरकावण्याआधीचा अर्धा तास आठवून लिहून ठेवा. ऑक्युपेशनल थेरपिस्टना, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञांना, त्याचा फार उपयोग होतो.

आणि हो, ते लेबल कात्रीने कापू नका, उरलेली कड जास्त टोचते. शिवणीचा एकेक टाका उसवा, आणि आत बोट फिरवून बघा.