वस्ताद पास्तिन्या

नमस्कार, श्रोतेहो.

आज ब्राझीलमधल्या एका वस्तादाविषयी बोलायचं आहे. नाव विसेंते फरेरा पास्तिन्या. जन्म ५ एप्रिल १८८९, गाव साल्वादोर, बाहिया प्रांताची राजधानी. वडील स्पॅनिश, आई बाहियातलीच कृष्णवर्णीय. गुलामगिरी कायद्यानं बंद होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पोरगं दीड वर्षाचं होतं, तेवढ्यात नवी दंडसंहिता आली. रस्त्यावर कापोएरा खेळताना सापडलात, तर दोन ते सहा महिने कैद!

कापोएरा ही आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांनी आणि त्यांच्या लेकरांनी ब्राझीलच्या मातीत घडवलेली विद्या. रिंगणात दोघं, भोवती गाणारे-वाजवणारे. लाथ आहे, पाय अडकवून पाडणं आहे, डोक्याची धडक आहे, आणि सगळं तालात. नाच म्हणून बघायला जावं, तर दात पडायची भीती.

छोट्या पास्तिन्याला गल्लीतला एक दांडगा मुलगा येता-जाता बडवायचा. बेनेदितो नावाचा अंगोलातून आलेला एक म्हातारा खिडकीतून हे बघत असे. त्यानं पोराला हाक मारली. पतंग उडवण्यात वेळ घालवतोस, त्यापेक्षा माझ्याकडे येत जा, शिकवतो. पुढं ज्या दिवशी गाठ पडली, त्या दिवशी दांडगोबा आडवा झाला आणि नंतर म्हणे दोस्तच झाला. पास्तिन्या म्हातारपणीही ही हकिगत रंगवून सांगत.

मग आरमाराच्या शाळेत भरती, तिथून बाहेर पडल्यावर पोटासाठी पडेल ते काम. बूट पॉलिश, शिवणकाम, जुगाराच्या अड्ड्यावर राखणदारी. मनातून ते चित्रकार होते, पण चित्रांवर घर चालत नाही. अधूनमधून शिकवलं, मग कित्येक वर्षं कापोएरापासून लांबच.

१९४१ साली अबेरे नावाचा जुना शिष्य त्यांना ओढून एका रविवारच्या रिंगणात घेऊन गेला. साल्वादोरच्या लिबेरदादे वस्तीत नावाजलेले खेळाडू जमत. त्यांचा म्होरक्या आमोरझिन्यो. त्यानं पन्नाशी उलटलेल्या पास्तिन्यांना सांगितलं, आता हे तुम्ही सांभाळा. त्यांनी सांभाळलं. तेव्हा शहरात मेस्त्रे, म्हणजे वस्ताद, बिंबांचा बोलबाला होता. त्यांनी कापोएराला वेग दिला, नव्या पद्धतीनं शिकवणं सुरू केलं. पास्तिन्यांनी जुनी वाट धरली, कापोएरा अंगोला. मला विचाराल तर दोघंही मोठे, पण माझा ओढा पास्तिन्यांकडे.

कारण त्यांची तालीम. १९५५ पासून ती पेलोरिन्यो चौकात, १९ नंबरच्या इमारतीत भरायची. गुलामांना चारचौघांत फटके मारायचे तो हाच चौक. शिष्यांचा वेष पिवळा-काळा, त्यांच्या आवडत्या इपिरांगा फुटबॉल क्लबच्या रंगांचा. गाण्याचा प्रमुख वेगळा, वाद्यांचा वेगळा, दप्तर सांभाळणारासुद्धा वेगळा. एरवी रस्त्यावर वाढलेल्या खेळाला त्यांनी शिस्त लावली, तरी त्यातली लबाडी जाऊ दिली नाही.

हुकूम चालतो बेरिंबाऊचा. लाकडाची कमान, तिला ताणून बसवलेली तार, खाली पोकळ भोपळा. डाव्या हातात कमान आणि तारेला टेकवायला नाणं किंवा दगड, उजव्या हातात काडी आणि खुळखुळा. भोपळा पोटापासून दूर नेला की आवाज मोकळा होतो, टेकवला की दबतो. तीन बेरिंबाऊंपैकी खर्जातली गुंगा सगळ्यांवर. खेळणारे तिच्यासमोर उकिडवे बसतात, एक जण लांबलचक आळवणी गातो, आणि परवानगी मिळाली की मगच जमिनीलगत, सावकाश खेळ सुरू होतो. लाथ लागली नाही तरी चालेल; लागली असती हे मात्र समोरच्याला कळलं पाहिजे. पाय ऐन वेळी थांबवता येणं, हे मारण्यापेक्षा अवघड.

१९६४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. १९६६ मध्ये शिष्यांना घेऊन ते सेनेगलमध्ये डाकारच्या कलामहोत्सवाला गेले. बेनेदितोच्या शिष्यानं सत्तरी ओलांडल्यावर आफ्रिका पाहिली.

आणि मग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दुरुस्तीचं निमित्त काढून सरकारनं तालीम रिकामी करून घेतली. परत मिळेल म्हणाले. मिळाली नाही, तिथं उपाहारगृह झालं. दृष्टी गेलेली, हाती पैसा नाही. बायको, दोना रोमेलिया, आकाराजे विकायची. म्हणजे चवळी वाटून पाम तेलात तळलेले वडे. त्यावर घर चालायचं. ज्यांच्या नावावर शहराची मिरवणूक चालली, त्यांना शहरानं असं वागवलं, याची मला अजून चीड येते. १३ नोव्हेंबर १९८१ ला सरकारी वृद्धाश्रमात ते गेले. वय ९२.

पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य जुआंव पिकेनू यांनी सांतु आंतोनियु किल्ल्यात वर्ग उघडला. त्या किल्ल्यात पूर्वी तुरुंग होता. दुसरे शिष्य जुआंव ग्रांजी पेट्रोल पंपावर काम करत होते. १९९० मध्ये ते अमेरिकेत गेले, न्यूयॉर्कमध्ये तालीम काढली, आणि २००१ मध्ये तिथल्या सरकारनं पारंपरिक कलांसाठीचा राष्ट्रीय सन्मान त्यांना दिला. 

नमस्कार.