आबांची भट्टी

(दृश्य: नाशिकचा भांडी बाजार, सकाळ. शटर अजून अर्धीच वर.)

तांबट लेनकडे वळलं की पूर्वी आधी ठोक्यांचा आवाज यायचा, माणसं नंतर दिसायची. कल्हईला आवाज नसतो. तिचा वास येतो, नवसागराचा, म्हणजे अमोनियम क्लोराईडचा, नाकात झोंबणारा. त्या वासावरून गल्लीतली पोरं ओळखायची की आबांनी भट्टी पेटवली.

पितळेचं किंवा तांब्याचं भांडं आतून उघडं पडलं की त्यात ताक, चिंचेची आमटी कळकते. आंबटामुळे धातू अन्नात उतरतो, रंग हिरवट होतो, पोट ढवळतं. म्हणून मधे कथलाचा, म्हणजे टिनचा, पातळ थर हवा. तो चढवायचा, हीच कल्हई, काम एवढंच. पण चुकायला जागा फार.

(दृश्य: मोठं पातेलं. आत काळपट डाग.)

निम्मी कल्हई घासण्यात असते. तेलकटपणा राहिला तिथे कथील धरत नाही, काळा ठिपका राहतो आणि पुढे तिथूनच पापुद्रा सुटतो. घरगुती भांडं चिंच-मीठ आणि राखेनं निघतं. पंगतीचं पातेलं असेल तर आबा आत वाळू टाकून स्वतः उभे राहायचे, भिंतीला हात टेकून, पायांखाली पोतं धरून कंबरेतून गोल फिरायचे. साठी उलटल्यावरही. बघणाऱ्याला गंमत वाटायची. गुडघ्यांना ती वाटत नसे.

मग जमिनीतल्या खड्ड्यात लोणारी कोळसा आणि भाता. भांडं सांडशीत धरून सतत फिरवत तापवायचं, एका जागी ठेवायचं नाही. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, पण आबांजवळ तापमापक नव्हता, नवसागराची चिमूट होती. ती टाकताच पांढरा धूर भसकन उठला की भांडं तयार. धूर रेंगाळला तर अजून भाता हवा. हा धूर नुसती खूण नव्हे. तापलेल्या नवसागरातून निघणारं आम्ल धातूवरचा गंज खाऊन टाकतं, आणि त्या स्वच्छ झालेल्या क्षणातच कथलाची कांडी टेकवायची असते. बोटाच्या पेराएवढं कथील घरच्या पातेल्याला पुरतं. कापसाच्या बोळ्यानं ते तळातून काठाकडे ओढत न्यायचं, हात न थांबवता, आणि लगेच भांडं पाण्यात.

ताप कमी पडला तर कथलाच्या गाठी बसतात. जास्त झाला तर चांदीसारखी चमक जाऊन पिवळट झाक येते. मग पुन्हा घासण्यापासून सुरुवात.

आबांचा हट्ट एकाच गोष्टीचा, कथील शुद्ध हवं. स्वस्त कांडीत शिसं मिसळलेलं असतं, आणि ते पोटात जाणारं विष आहे. घेताना ते कांडी कानाजवळ नेऊन वाकवायचे. शुद्ध कथील वाकताना बारीक करकरतं. शिशाची भेसळ जास्त असेल तर ते मुकं राहतं, वर कागदावर काळपट रेघ ओढतं.

भाता फिरवायला नात असायची. शाळेतून आली की दप्तर कोपऱ्यात आणि हात दांड्यावर. घाईनं फिरवलं की ठिणग्या उडतात, म्हणून आबा तिला पाढे म्हणायला लावत: एका ओळीला एक फेरा. तिचे सतराचे पाढे अजून पक्के आहेत. धूर सुटायच्या आत मात्र तिला वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवत. स्वतः कुठे बसत, ते त्यांच्या खोकल्यावरून कळायचं.

(दृश्य: पावसाळा. घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती, पायांशी गढूळ पाणी.)

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि गंगेचा पूर मोजतात दुतोंड्या मारुतीच्या अंगावर. 1969 चा पूर जुनी माणसं अजून सांगतात. 2008, 2016 आणि 2019 तर सगळ्यांनीच पाहिले. गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की आबा भट्टी विझवून घाटावर जायचे. पाणी मारुतीच्या कंबरेकडे सरकलं की परत येऊन दुकानादुकानांत हाक.

भांडी बाजार सखल. पुरात रिकामं पातेलं होडीसारखं तरंगत निघून जातं. म्हणून पातेली एकात एक बसवायची, कड्यांतून दोर ओवायचा आणि खांबाला बांधायचा. दोराला थोडी ढील ठेवायची, नाहीतर पाणी चढताना कडी उपटते. माळ्यावर आधी वह्या, मग नवसागराचे डबे. तो पाण्यात विरघळतो, ओल धरली तरी दगड होतो. पाणी ओसरताना गाळ ओला आहे तोवर त्याच पाण्यानं लोटायचा. वाळला की फावड्यानं खरवडावा लागतो. हे सगळं आबांनी गल्लीतल्या दोन पिढ्यांकडून करून घेतलं, बरंचसं ओरडून.

गल्लीच्या भंडाऱ्याची पातेलीही त्यांच्याकडेच. मजुरी घेत नसत, कथलाचे तेवढे पैसे घेत. परत देताना ताकीद ठरलेली: रिकामं चुलीवर ठेवू नका, तारेच्या घासणीनं घासू नका, उलथनं लाकडी वापरा.

(दृश्य: माळा. मंद उजेड.)

भाता आता नातीच्या घरी आहे. चामडं कडक झालंय, तेल देऊन मऊ करणं चाललंय. भंडाऱ्याच्या मोठ्या पातेल्याच्या तळाशी तळहाताएवढं तांबं उघडं पडलंय. तिनं त्याभोवती खडूनं गोल काढून ते पालथं घातलंय. तोवर आमटी स्टीलमध्ये.