पायाचं नख सरळ कापा

श्रोतेहो, नमस्कार. मधुमेह असलेल्यांच्या पायांच्या नखांबद्दल आज बोलायचं आहे. साखर, गोळ्या, इन्सुलिन हे सगळं तुम्ही पुष्कळदा ऐकलेलं असणार, त्यात वेळ घालवत नाही. मुद्द्याचं आधी सांगतो. पायाचं नख सरळ कापायचं. आडवं, सरळ. कोपरे आत खोदायचे नाहीत.

माझ्याकडे एक काका यायचे, व्यवसायाने शिंपी. साठी ओलांडलेली, मधुमेह जुना. हात इतका तयार की डोळे मिटून कापड चाचपलं तरी पोत सांगायचे. त्या दिवशी फक्त साखरेचा रिपोर्ट दाखवायला आले होते. रिपोर्ट बघून झाला, काका उठले, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "डॉक्टर, यांच्या बाजूला चादरीवर पायथ्याशी रोज डाग पडतोय. विचारलं तर म्हणतात, काही नाही."

"अगं, दुखतच नाही, तर दाखवू काय?" काका म्हणाले.

मी बूट काढायला सांगितला. मोजा काळा, त्यामुळे वरून काही कळेना. पण तो अंगठ्याला चिकटून बसला होता. सलाईनने भिजवून हळूहळू सोडवला. अंगठा लाल, सुजून टम्म झालेला, नखाच्या कडेला पू. कोपरा तिरका आणि खोल कापलेला, आणि कात्री जिथवर पोचली नाही तिथे नखाची एक बारीक अणकुचीदार कपची राहिलेली. ती मांसात रुतली होती. कापलं होतं कापडाच्या कात्रीने. आयुष्यभर हाताळलेली कात्री, त्यामुळे भीती कसली ती नाही.

मी तिथे दाबलं. एरवी माणूस कळवळला असता. काका मला कॉलर कशी बसवतात ते समजावत होते, ते तसंच चालू राहिलं. काकूंच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

मग मी काकांना डोळे मिटायला सांगितले. पायाच्या बोटांना हलकेच हात लावतो, कळलं की सांगा, म्हटलं. दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटं, करंगळ्या, सहाही ठिकाणी माझं बोट टेकवून झालं. तरी काका विचारत होते, "सुरू करताय ना?"

हाताला सुताचा धागा कळत होता, पायाला पू झालेला कळत नव्हता. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की सगळ्यात लांबच्या नसा आधी बिघडतात, म्हणून बधिरपणा पायाच्या बोटांपासून सुरू होतो. त्यात रक्तपुरवठा कमी पडला की जखम भरत नाही आणि जंतूंचं फावतं.

काकांचा अंगठा वाचला. कपची काढली, पू काढला, अँटिबायोटिक दिलं, ड्रेसिंग बरेच दिवस चाललं. आता त्यांची नखं काकू कापतात, आणि मोजे पांढरे असतात. पांढऱ्या मोज्यावर डाग लगेच दिसतो.

पाय न बघता मधुमेहाची तपासणी पुरी होत नाही, हे माझं ठाम मत आहे. डॉक्टरांनी सांगितलं नाही, तर तुम्ही आपणहून बूट काढा.

आता नखं कापण्याबद्दल. आंघोळीनंतर नखं मऊ असतात, तेव्हा कापा. आधी पाय पुसा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. नख सरळ कापा, बोटाच्या टोकाबरोबर, फार तोकडं नको. टोचणारी कड कानशीने घासा. ब्लेड नको, कात्रीचं टोक नखाखाली नको. गरम पाण्यात पाय बुडवून बसू नका. बधिर पायाला चटका कळत नाही. क्रीम लावा, पण बेचक्यांत नाही.

नख जाड, पिवळं, भुसभुशीत झालं असेल तर बुरशी असू शकते. ते घरी तासत बसू नका. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला 12 ते 18 महिने लागतात, तेव्हा उपचार मध्येच सोडू नका.

नखाशेजारी लाली, सूज, ऊब, पू किंवा वास, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. लाली वर पसरतेय किंवा ताप आलाय, तर रात्रसुद्धा काढू नका. दुखत नसलं तरी दाखवा. पुन्हा सांगतो, दुखत नसलं तरी.

आज घरातल्या कोणालातरी जवळ बसवा. तुम्ही डोळे मिटा. त्यांनी तुमच्या दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटं आणि करंगळ्या यांच्या टोकांना एक-दोन सेकंद नुसतं बोट टेकवायचं; दाबायचं नाही, घासायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या, आणि तोवर स्वतःची नखं स्वतः कापू नका. नमस्कार.