फक्कीच्या ओळी आणि क्ष

(दृश्य : वरून दिसणारं मोकळं रान, त्यात पांढऱ्या ओळी)

सांगली जिल्हा, तासगाव तालुका. या रानात द्राक्षाची नवी लागण व्हायची आहे. रोपं अजून आलेली नाहीत. आहेत त्या फक्की मारून आखलेल्या ओळी, नऊ-नऊ फुटांवर. आणि विहिरीकडून निघून या सगळ्या ओळींना तिरकी कापत गेलेली पाइपलाइनची सरळ चर. समांतर रेषा आणि छेदिका, दोन्ही एकाच रानात.

(दृश्य : ड्रोन खाली उतरतो)

कॅमेरा खाली आला आणि बघा, त्याच ओळी लांबवर एकमेकींना भिडल्यासारख्या दिसू लागल्या. आता पडद्यावर कोनमापक लावलात, तर दर ओळीपाशी वेगळा आकडा येईल. परीक्षेतली आकृतीही मापानुसार काढलेली असतेच असं नाही. तेव्हा आकृती मोजायची नाही. कुठला कोन कुठल्या कोनाचा कोण लागतो, ते बघायचं.

एका ओळीपाशी थांबू. चर तिला छेदते तिथे चार कोन होतात. त्यातले शेजारचे दोन घेऊ. समजा, एक आहे क्ष + २० अंश, दुसरा ३क्ष − ४०. दोघं मिळून सरळ रेषा होते, म्हणजे ही रेषीय जोडी, बेरीज १८०. ४क्ष − २० = १८०. क्ष आला ५०. इथेच पेन खाली ठेवू नका, विचारलेत ते कोन. ते आहेत ७० आणि ११०.

पुष्कळ मुलं इथे बेरीज न करता दोन्ही मापं सरळ समान धरतात. मग क्ष येतो ३०, आणि कोन ५०-५०. उत्तर इतकं नेटकं, की शंकासुद्धा येत नाही! पण पन्नास आणि पन्नास शंभर. सरळ रेषेतले ८० अंश गेले कुठे? समीकरण सोडवायला दोन ओळी पुरतात हो. बरोबरीचं चिन्ह कशाकशात घालायचं, डोकं लागतं ते तिथे.

समान असतात ते समोरासमोरचे, विरुद्ध कोन. पहिला आणि दुसरा मिळून १८०. दुसरा आणि तिसरा मिळूनही १८०. दोन्हींतून दुसरा वजा करा. पहिला आणि तिसरा सारखेच उरतात. इ.स.पू. ३०० च्या सुमारास युक्लिडने हे याच वाटेने सिद्ध केलं, त्याच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडातलं पंधरावं विधान.

(दृश्य : पुन्हा उंचावरून, एकेका ओळीपाशी ७० हा आकडा)

बाकीच्या ओळींना फार वेळ लागत नाही. ओळी समांतर, म्हणून संगत कोन, म्हणजे दर ओळीपाशी त्याच जागचे कोन, समान. तिसऱ्या ओळीपाशी त्याच जागी २य + १० लिहिलं असेल, तर ते ७० च. य झाला ३०.

शेतकऱ्याच्या कामाचं आहे ते हेच, दुसऱ्या बाजूने पाहिलेलं. संगत कोन समान, तरच ओळी समांतर. चर सरळ आहे आणि शेवटच्या ओळीपाशी ७० ऐवजी ६८ भरले, तर ती ओळ तिरकी गेली. दोन अंश म्हणजे किती? शंभर फुटांच्या ओळीला टोकाशी साडेतीन फूट. शेजारच्या ओळीकडे कलली असेल, तर नऊ फुटांचा पट्टा तिथे साडेपाचवर येतो. त्यात दोन्हीकडून वेलींचा पसारा, आणि फवारणीचा ट्रॅक्टर जायचाय तो याच पट्ट्यातून.