तांब्याचे इवलेसे पुंजके

परीक्षानळीतलं हे निळं पाणी म्हणजे मोरचुदाचं द्रावण. त्यात ग्लुटाथायोन पडतं. हा आपल्या पेशींतही असणारा छोटासा पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. निळा रंग उतरतो, द्रावण पांढरट, गढूळ होतं. सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब सोडत गेलं की पुन्हा निवळतं. साध्या उजेडात बघण्यासारखं काही नाही. आता अतिनील दिवा लावा. नळी लाल चमकते.

तांब्याच्या मोठ्या कणांत ही चमक नसते. इथे मोजकेच अणू एकत्र येऊन पुंजके झालेत, आकार 2 नॅनोमीटरच्याही आत. इलेक्ट्रॉनांचे ऊर्जास्तर सुटे झालेत, त्यामुळे हा पुंजका धातूपेक्षा रेणूसारखा वागतो.

सोन्याचे पुंजके त्यामानाने सोशिक. तांब्याला हवा लागली की ऑक्सिडीकरण सुरू. आणि इवल्याशा पुंजक्यात बहुतेक अणू पृष्ठभागावरच, म्हणजे हवेच्या तोंडीच! म्हणून बरंचसं काम नायट्रोजन किंवा आरगॉनखाली चालतं आणि पुंजक्याभोवती थायोल, फॉस्फिन अशा लिगंडचं, म्हणजे धातूला चिकटून राहणाऱ्या रेणूंचं, कवच ठेवावं लागतं.

उत्प्रेरक म्हणून कस लावायची नेहमीची चाचणी: 4-नायट्रोफिनॉल आणि सोडियम बोरोहायड्राइड. द्रावण गर्द पिवळं. नुसतं ठेवलं तर तासन्‌तास पिवळंच राहतं. चिमूटभर पुंजके टाकले की काही मिनिटांत रंग उडतो, तयार होतं 4-अमिनोफिनॉल. चाचणी सोपी, म्हणून जो तो तीच करतो. पण पिवळा रंग झटपट गेला म्हणून अवघड अभिक्रियाही जमेल, असं मुळीच नाही.

खरी ओढ आहे कार्बन डायऑक्साइडची. विजेच्या साहाय्याने त्यापासून मिथेन, इथिलीन बनवण्यात तांब्याची बरोबरी करणारा दुसरा शुद्ध धातू नाही; 1985च्या सुमारास जपानच्या योशिओ होरी यांनी ते दाखवलं. 2017 साली 32 तांब्याच्या अणूंच्या एका पुंजक्याने मात्र वेगळीच वाट धरली: मुख्यतः फॉर्मिक आम्ल. या पुंजक्यात 20 हायड्राइड, म्हणजे ऋणभारित हायड्रोजन, आहेत आणि कार्बनला हायड्रोजन तेच पुरवतात. एकेक अणू कुठे बसलाय हे ठाऊक असल्यामुळेच असा माग काढता येतो. साध्या नॅनोकणांत ही सोय नाही.

अडचण कवचाचीच. ते पुंजक्याला वाचवतं, पण अभिक्रियेची जागाही अडवतं. तापवून सगळं उतरवावं, तर पुंजके एकमेकांना चिकटून मोठे कण होतात. त्यामुळे आधी त्यांना सिलिकासारख्या आधारावर बसवायचं आणि मग बेतानेच तापवायचं, थोडं कवच राहिलं तरी चालेल.