मुधोळला गेलेलं पत्र

मंडळी, साम्राज्याच्या संस्थापकावर मालिका निघते तेव्हा तो संस्थापक आजच्या कुणाच्या तरी कामाचा असतो, हे आधी ध्यानात घ्या. तुर्कस्तानच्या सरकारी वाहिनीने २०१४ ते २०१९ या काळात एर्तुग्रुलवर पाच पर्वं काढली. हा उस्मानी (ऑटोमन) राज्य स्थापणाऱ्या उस्मानचा बाप. त्याच्या हयातीतला कागद जवळजवळ नाहीच. मुलाच्या नाण्यावर बापाचं नाव सापडतं, आणि उस्मानी इतिहास लिहिले गेले ते शंभराहून अधिक वर्षांनी. त्या मोकळ्या जागेत आजच्या तुर्की सत्तेला शोभेल असा धर्मवीर उभा राहिला. २०२० साली पाकिस्तानच्या सरकारी वाहिनीने तो उर्दूतून घरोघरी नेला. तेव्हाचे पंतप्रधान इम्रान खान यांनी स्वतः त्याची शिफारस केली होती.

आपल्याकडे ती सबब चालणार नाही. शिवाजी महाराजांची स्वतःची पत्रं आहेत, जिंजीत राजाराम महाराजांच्या पदरी बसून सभासदाने लिहिलेली बखर आहे, इंग्रजांच्या वखारींची टिपणं आहेत. एवढं असताना मालिकेत काय येतं? अफजलखान, आग्रा, सिंहगड. ते यावंच. पण विजापूरचा प्रत्येक माणूस डोळ्यांत सुरमा घालून गडगडाटी हसतो, आणि त्याच विजापूरच्या चाकरीत शहाजीराजांनी उत्तरायुष्य काढलं हे एका वाक्यात उरकतं.

आता आपल्या बेळगावजवळचं बघू. गोकाकच्या पलीकडे मुधोळ. १६४८ साली शहाजीराजांना कैद झाली, त्यात मुधोळच्या बाजी घोरपड्यांचा हात होता. १६६४ साली महाराजांनी बाजींवर चालून जाऊन त्यांना मारलं. इथवर कुठलीही मालिका आनंदाने दाखवील. पण १६७७ साली, कर्नाटकच्या मोहिमेत, गोवळकोंड्याच्या कुतुबशहाशी सख्य केल्यावर महाराज बाजींच्याच मुलाला, मालोजीला पत्र लिहितात. त्याचा आशय असा: विजापूर बहलोलखान पठाणाने गिळलं आहे, दक्षिणेची पातशाही दक्षिण्यांच्याच हाती राहिली पाहिजे, मागचं वैर सोड आणि ये. कुतुबशहाकडून तुझी सोय मी लावून देतो.

बापाला धरून देणाऱ्याच्या मुलाला हा माणूस आपल्या बाजूला बोलावतो, तेही एका मुसलमान पातशहाच्या भरवशावर, दुसऱ्या मुसलमान सरदाराविरुद्ध, आणि ‘आपण दक्षिणी’ या नात्याने. केवढं नाट्य आहे यात! तरी ते मालिकेत मावत नाही, कारण भगवं आणि हिरवं अशी जी विभागणी पहिल्या भागापासून करून ठेवलेली असते, ती या एका पत्राने मोडते. रोज रात्री भाग संपताना शत्रू ओळखू यावा लागतो. वाटाघाटी करणारा राजा त्या घाईत बसत नाही.

उलट बाजूचीही एक खोड आहे, आणि ती मला तितकीच खटकते. महाराजांच्या पदरी दौलतखान होता, काझी हैदर होता, एवढंच सांगून काही जण थांबतात. १६७४ चा राज्याभिषेक, भवानीवरची श्रद्धा, देवस्थानांची काळजी यांवर पडदा टाकतात. तेही कातरकामच. महाराज श्रद्धावान हिंदू राजे होते आणि कुतुबशहाचे मित्रही होते. दोन्ही एकाच माणसात होतं.

आणि बेलवडी. बैलहोंगल तालुक्यातलं हे गाव इथल्या सगळ्यांना माहीत आहे. कर्नाटकच्या त्याच मोहिमेवरून परतताना मराठी फौजेला तिथल्या देसाईणीने अडवलं. सभासद तिला सावित्री म्हणतो, कन्नड परंपरा मल्लम्मा. सत्तावीस दिवस तिने कोट लढवला, असं सभासदच लिहितो. पुढच्या घटनेबद्दल साधनं एकमेकांशी जुळत नाहीत. कन्नड परंपरेत महाराजांनी तिचा मान राखला, धारवाडजवळच्या यादवाडचं महाराजांचं शिल्प तिनेच घडवून घेतलं असं सांगतात. मराठी मालिकांना ही बाई अडचणीची वाटते, कारण ती आपल्याविरुद्ध लढली. कन्नड बाजूने तिची गोष्ट रंगवणाऱ्याला मराठे नुसते लुटारू दाखवण्याचा मोह होतो. १९५६ नंतरचं सीमेचं भांडण आपण सतराव्या शतकात नेऊन घातलं आहे. त्या बाईला ना १९५६ चं म्हैसूर राज्य ठाऊक होतं, ना मुंबई राज्य.

हे सगळं मी तुमच्यापुढे का मांडतोय? कारण वैशाखात आपली शिवजयंती येते, बेळगावात चित्ररथ निघतात, आणि गेली काही वर्षं त्या रथांवरचे प्रसंग, पोशाख, संवाद थेट मालिकांमधून उचललेले दिसतात. पोरं मेहनत करतात, रात्र-रात्र जागतात. त्यांना वाचायला द्या. मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे: यंदा एका तरी रथावर मालोजी घोरपड्याला लिहिलेलं पत्र दाखवा, एका तरी रथावर बेलवडीचा कोट उभा करा. फलक मराठीत आणि कन्नडमध्ये लिहा. मजकूर तयार करायला मी येतो.